मेल 'सेंट' झाला, पण समोरच्याला मिळालाच नाही. दोन सर्व्हरच्या मध्ये तो नेमका कुठे अडकतो?

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज गेला की एक टिक दिसते, समोरच्याच्या फोनवर पोचला की दोन. ईमेलमध्ये अशी सोय नाही. तिथे फक्त 'सेंट' दिसतं आणि आपण त्याचा अर्थ 'पोचला' असा घेतो. प्रत्यक्षात 'सेंट' म्हणजे तुमचा मेल तुमच्याच ईमेल सेवेच्या सर्व्हरने ताब्यात घेतला, एवढंच. व्हॉट्सअ‍ॅपच्या भाषेत सांगायचं तर ही पहिली टिक. दुसरी टिक ईमेलमध्ये कधी दिसतच नाही.

नोकरीची ऑफर स्वीकारल्याचा मेल, निविदेच्या शेवटच्या दिवशी पाठवलेली कागदपत्रं, विमा कंपनीला दिलेली सूचना अशा वेळी हा फरक महागात पडतो. पाठवणारा म्हणतो, "मी तर वेळेत पाठवला होता." समोरचा म्हणतो, "आम्हाला आलाच नाही." आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असू शकतात. मेल मधल्या एखाद्या सर्व्हरच्या रांगेत पडून असतो आणि त्याची खबर दोघांनाही नसते.

मग तो शोधायचा कसा? त्यासाठी आधी मेल कोणाकोणाच्या हातातून जातो ते पाहू.

मेल हातोहात जातो

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन्ही टोकांना एकच कंपनी असते. ईमेलमध्ये तसं नसतं. पाठवणाऱ्याचा सर्व्हर एकाचा, घेणाऱ्याचा दुसऱ्याचा आणि मध्ये स्पॅम गाळणारी तिसरीच सेवा, असा प्रकार मोठ्या कार्यालयांत सर्रास असतो. हे सगळे एकमेकांशी एसएमटीपी नावाच्या नियमावलीनुसार बोलतात. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये ती लिहिली. तिच्यात पुढे सुधारणा झाल्या, पण मूळ संवाद आजही तोच आहे.

हा संवाद अगदी माणसांसारखा असतो. पाठवणारा सर्व्हर समोरच्याचं दार वाजवतो. हे दार म्हणजे पोर्ट २५. तो आपलं नाव सांगतो. मग मेल कोणाकडून आहे, कोणासाठी आहे ते सांगतो आणि शेवटी मजकूर देतो. समोरचा प्रत्येक वाक्याला तीन आकडी उत्तर देतो. सगळं ठीक असेल तर शेवटचं उत्तर असतं २५०.

या २५०चा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा शोध त्याच्याभोवती फिरतो. २५० ही पोच आहे. ती देणारा सर्व्हर सांगत असतो की आता या मेलची जबाबदारी माझी: मी तो पुढे पोचवेन आणि नाही जमलं तर पाठवणाऱ्याला कळवेन. ती मिळाली की आधीचा सर्व्हर आपल्या रांगेतून मेल काढून टाकतो. त्यामुळे मेल सापडत नसेल तर विचारायचा पहिला प्रश्न असा: शेवटचं २५० कोणी दिलं? मेल त्याच्याकडे आहे, किंवा त्याने त्याचं काय केलं हे त्यालाच माहीत आहे.

कनेक्टर म्हणजे काय?

मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरवर चालणाऱ्या कार्यालयांत 'कनेक्टर' हा शब्द रोज ऐकू येतो. कनेक्टर म्हणजे सर्व्हरच्या दाराला लावलेले नियम. सेंड कनेक्टर सांगतो की अमुक डोमेनचा मेल अमुक वाटेने बाहेर काढा. रिसीव्ह कनेक्टर सांगतो की अमुक पत्त्यावरून, अमुक ओळख दाखवून कोणी आलं तरच आत घ्या.

अनेक संस्थांची अर्धी मेलबॉक्सं अजून कार्यालयातल्या सर्व्हरवर आणि अर्धी मायक्रोसॉफ्ट ३६५च्या क्लाउडवर असतात. बाहेरून पाहणाऱ्याला सगळ्यांच्या पत्त्यामागे एकच डोमेन दिसतं. आत मात्र शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला पाठवलेला मेलही दोन कनेक्टर पार करून जातो. गडबड बहुतेकदा याच सांध्यावर होते आणि ती ओळखायलाही अवघड असते, कारण बाहेरचे मेल व्यवस्थित येत-जात असतात.

परत आलेला मेल वाचायचा कसा?

मेल पोचला नाही की 'मेलर-डिमन' किंवा 'पोस्टमास्टर' अशा नावाने एक लांबलचक पत्र येतं. बहुतेक जण ते पहिल्या ओळीनंतर बंद करतात. खरा मजकूर खाली असतो.

सर्वात आधी कोडचा पहिला आकडा पाहा. ४ने सुरू होणारा कोड म्हणजे 'आत्ता नाही, थोड्या वेळाने या'. ५ने सुरू होणारा कोड म्हणजे 'नाही म्हणजे नाही'. ४ असेल तर सर्व्हर स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, आपण काही करायचं नसतं. अशा वेळी घाबरून तोच मेल दहा वेळा पाठवला, तर रांग मोकळी झाल्यावर समोरच्याला दहा प्रती मिळतात.

त्या कोडच्या पुढे ठिपक्यांनी जोडलेले तीन आकडे असतात. ते जास्त बोलके. ५.१.१ म्हणजे त्या पत्त्याची व्यक्तीच इथे नाही. ५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरली आहे. ५.७.१ म्हणजे तुम्हाला परवानगी नाही; यात स्पॅमच्या संशयापासून कनेक्टरच्या चुकीच्या नियमापर्यंत बरंच काही येतं. ४.४.७ म्हणजे प्रयत्न करता करता मुदत संपली.

आकाराच्या अडचणीत एक मेख असते. १० किंवा २५ एमबीची मर्यादा सांगितलेली असते, आपली फाइल तिच्यात बसते, तरी मेल परत येतो. याचं कारण असं की जोडलेली फाइल पाठवताना तिचं अक्षरांत रूपांतर होतं आणि तिचा आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो. २० एमबीची फाइल वाटेत जवळपास २७ एमबीची झालेली असते.

आणखी एक गोष्ट तपासायची, ती म्हणजे हे पत्र लिहिलं कोणी. पत्रात 'रिपोर्टिंग-एमटीए' अशी ओळ असते. तो पत्र लिहिणारा सर्व्हर. 'रिमोट-एमटीए' हा ज्याने नकार दिला तो. अनेकदा पत्र आपल्याच सर्व्हरने लिहिलेलं असतं आणि आपण मात्र समोरच्या कंपनीला फोन करून तक्रार करत बसतो. रिमोट-एमटीएची ओळच नसेल, तर मेल बहुधा आपल्या कार्यालयाच्या बाहेर पडलेलाच नाही.

ऑफिसातल्याच माणसाला पाठवलेला मेल ५.१.१ लिहून परत आला आणि त्या पत्रात 'आयएमसीईएईएक्स'ने सुरू होणारा विचित्र पत्ता दिसला, तर दोष बहुतेक वेळा आउटलुकच्या आठवणीत असतो. मेलबॉक्स नव्या सर्व्हरवर हलवल्यानंतरही आउटलुक जुना अंतर्गत पत्ता सुचवत राहतं. सुचवलेलं नाव काढून टाकायचं आणि पत्ता पूर्ण टाइप करायचा. आयटी विभागाला न विचारता सुटणाऱ्या थोड्या अडचणींपैकी ही एक.

उशिरा कळतं, कारण सर्व्हर धीर धरतो

नियमावलीचा सल्ला असा आहे की प्रत्येक प्रयत्नानंतर किमान अर्धा तास थांबावं आणि हार मानण्याआधी चार-पाच दिवस वाट पाहावी. १९८०च्या दशकात सर्व्हर तासन्‌तास बंद असायचे, त्या काळाला ते साजेसं होतं. लिनक्सवर चालणाऱ्या पोस्टफिक्समध्ये ही मुदत आजही मूळ सेटिंगनुसार पाच दिवसांची आहे. एक्सचेंज सर्व्हरमध्ये ती दोन दिवसांची, तर मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेत २४ तासांची असते.

याचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा: शुक्रवारी संध्याकाळी कनेक्टर बिघडला, तर 'मेल पोचला नाही' हे पत्र तुम्हाला शनिवारी, रविवारी किंवा थेट बुधवारी मिळेल. निविदेची मुदत सोमवारी दुपारी संपलेली असेल. मधल्या काळात 'उशीर होतोय' अशी सूचना देणारे सर्व्हर आहेत, पण सगळे देतातच असं नाही.

उशिराचं दुसरं कारण मुद्दाम घडवलेलं असतं. अनोळखी सर्व्हर पहिल्यांदा आला की त्याला ४५१ सांगून परत पाठवायचं. खरा सर्व्हर काही मिनिटांनी पुन्हा येतो, स्पॅम पाठवणारा बहुधा येत नाही. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी ही युक्ती मांडली. युक्ती नामी आहे, पण दहा मिनिटं चालणारा ओटीपी पंधराव्या मिनिटाला येतो तेव्हा त्यामागे हीच असू शकते.

३३ डिसेंबर २०२१

सर्व्हरमध्येच मेल अडकल्याचं अलीकडचं सर्वात मोठं उदाहरण १ जानेवारी २०२२चं आहे. नवं वर्ष उजाडताच जगभरातल्या एक्सचेंज सर्व्हर २०१६ आणि २०१९वर मेल रांगेत साचू लागले. नेटवर्क ठीक होतं, कनेक्टर ठीक होते, डिस्कवर जागा होती. मेल आत येत होते, पण मेलबॉक्सपर्यंत जात नव्हते.

दोष निघाला व्हायरस तपासणाऱ्या भागात. या भागाच्या माहिती-फाइलला तारखेवरून क्रमांक दिला जायचा: आधी वर्षाचे शेवटचे दोन आकडे, मग महिना, मग दिवस. २०२१ संपेपर्यंत क्रमांक २११२ने सुरू होत होते. १ जानेवारीला तो २२०१०१०००१ झाला, म्हणजे २२० कोटींच्या वर. तो ज्या ३२ बिटच्या जागेत ठेवला जायचा तिची कमाल मर्यादा आहे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. क्रमांक जागेत मावला नाही, तपासणी कोलमडली आणि तपासणीशिवाय मेल पुढे सोडायचा नाही असा नियम असल्याने सगळं तुंबलं.

मायक्रोसॉफ्टने काढलेला उपाय तर कमालच होता. नव्या फाइलला क्रमांक देण्यात आला २११२३३०००१. म्हणजे तारखेच्या हिशेबाने ३३ डिसेंबर २०२१. अशी तारीख कॅलेंडरमध्ये नसली तरी आकडा मर्यादेच्या आत होता. तोवर अनेक प्रशासकांनी व्हायरस तपासणी तात्पुरती बंद करून रांगा मोकळ्या केल्या.

या सगळ्यात बाहेरून मेल पाठवणाऱ्याला काय दिसलं? काहीच नाही. त्याच्या सर्व्हरला २५० मिळालं होतं. त्याच्या दृष्टीने काम झालं होतं.

कनेक्टरच्या सांध्यावर काय बिघडतं?

इतकी नाट्यमय कारणं क्वचितच असतात. रोजच्या बिघाडांमध्ये प्रमाणपत्र सर्वात वर ठेवावं लागेल. दोन सर्व्हर एकमेकांना टीएलएस प्रमाणपत्राने ओळखतात. त्याची मुदत संपते, नवं घेतलं जातं, पण कनेक्टरला 'आता हे नवं वापर' असं सांगायचं राहून जातं. क्लाउडकडचा कनेक्टर मग आपल्याच कार्यालयाच्या सर्व्हरला परका समजतो आणि ५.७.६४ असा कोड देऊन हाकलतो. आदल्या दिवसापर्यंत सगळं चालू होतं आणि आज सकाळी अचानक सगळं बंद, असं असेल तर आधी प्रमाणपत्राची तारीख पाहावी.

आयपी पत्त्याचं तसंच. कार्यालयाने इंटरनेट कंपनी बदलली की बाहेर दिसणारा पत्ता बदलतो. रिसीव्ह कनेक्टरच्या यादीत मात्र जुनाच पत्ता असतो. सर्वात आधी बोंब होते ती मेल पाठवणाऱ्या प्रिंटर-स्कॅनरची आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरची, कारण त्यांना स्वतःची ओळख दाखवता येत नाही. त्यांचा सगळा भरवसा त्या यादीवर असतो.

फायरवॉलचा उपद्व्याप सापडायला अवघड. सिस्कोच्या काही फायरवॉलमध्ये एसएमटीपी संवाद तपासण्याची सोय आहे. ती चालू असली की समोरच्या सर्व्हरचं स्वागताचं वाक्य ताऱ्यांच्या चिन्हांनी झाकलं जातं आणि 'मला सुरक्षित बोलता येतं' हे सांगणारा शब्दही पुसला जातो. टीएलएसशिवाय मेल न सोडणारा कनेक्टर मग थांबूनच राहतो. दोन्ही बाजूंचे प्रशासक आपापली सेटिंग दाखवून 'आमच्याकडे सगळं बरोबर आहे' म्हणतात आणि ते खरंही असतं.

आणि मग चक्र. कार्यालयातला सर्व्हर म्हणतो, ही व्यक्ती माझ्याकडे नाही, क्लाउडवर असेल. क्लाउड म्हणतो, माझ्याकडे नाही, कार्यालयात असेल. मेल या दोघांत टोलवला जातो. प्रत्येक फेरीत त्याच्या माथ्यावर 'रिसीव्ह्ड' अशी एक ओळ वाढते. ओळी ठरावीक संख्येपलीकडे गेल्या की ५.४.६ किंवा ५.४.१४ कोड लावून खेळ थांबवला जातो. नोकरी सोडलेल्या माणसाचा पत्ता काढून टाकल्यावर हे हमखास घडतं.

शोध घेण्याची पद्धत या सगळ्यांत एकच. एक मेल निवडायचा, दहा नाही. त्याचा मेसेज-आयडी घ्यायचा. वाटेतले सर्व्हर मेलला आपापले रांग-क्रमांक देतात, पण मेसेज-आयडी सहसा शेवटपर्यंत तोच राहतो. एक्सचेंजमध्ये मेसेज ट्रॅकिंग लॉग आणि क्लाउडवर मेसेज ट्रेस त्या आयडीवरून दाखवतात की मेल शेवटचा कुठे दिसला. तिथली रांग उघडली की 'लास्ट एरर' या रकान्यात निम्मं उत्तर लिहिलेलं असतं. मग त्याच सर्व्हरवरून समोरच्याच्या पोर्ट २५ला टेलनेटने हात लावून पाहायचा. दारच उघडत नसेल तर फायरवॉल किंवा चुकीचा पत्ता. उघडलं पण पत्ता सांगितल्यावर नकार आला, तर कनेक्टरचा नियम. स्वतःच्या लॅपटॉपवरून ही चाचणी करण्यात अर्थ नाही. अनेक इंटरनेट कंपन्या पोर्ट २५ बंद ठेवतात आणि मग नसलेला दोष सापडतो.

पाचशे मैलांच्या पुढे न जाणारा मेल

तक्रार वेडगळ वाटली तरी ऐकून घ्यावी, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी सर्व्हर सांभाळणाऱ्या ट्रे हॅरिस यांना सांगितलं की आमचा मेल ५०० मैलांच्या पुढे जात नाही. मेलला अंतर कळत नाही, हे कोणीही सांगेल. हॅरिस यांनी चाचणी केली. जवळच्या शहरांना मेल जात होता, लांबच्यांना खरंच जात नव्हता.

घडलं असं होतं की कोणीतरी सर्व्हरची प्रणाली अद्ययावत करताना सेंडमेल या मेल सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती बसवली होती. सेटिंगची फाइल मात्र नव्या आवृत्तीसाठी लिहिलेली. जुन्याला त्यातल्या ओळी कळेनात, म्हणून 'समोरून उत्तर यायला किती वेळ थांबायचं' याचं मूल्य शून्य धरलं गेलं. त्या यंत्रावर शून्याचा प्रत्यक्षातला अर्थ होत होता तीन मिलिसेकंदांहून किंचित जास्त. तेवढ्या वेळात प्रकाश साधारण ९०० किलोमीटर, म्हणजे सुमारे ५६० मैल जातो. हॅरिस यांनी ही हकिकत २००२ मध्ये लिहून प्रसिद्ध केली आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या जगात ती तेव्हापासून सांगितली जाते.

पत्रही नाही, मेलही नाही

सर्वात वाईट प्रकार हा. समोरच्या सर्व्हरने २५० दिलं, मग मेल स्पॅम ठरवून बाजूला ठेवला किंवा टाकून दिला. तो परत का पाठवत नाही? कारण स्पॅममधला 'पाठवणारा' बहुतेक वेळा खोटा असतो आणि नकारपत्र एखाद्या निष्पाप माणसाच्या मेलबॉक्समध्ये जाऊन पडतं. म्हणून जबाबदारीचा जुना नियम इथे जाणूनबुजून मोडला जातो.

मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक झाले. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्या डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी या तिन्ही ओळखी लावाव्या लागतात आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. शाळा, गृहनिर्माण संस्था, छोटे व्यावसायिक एवढे मेल पाठवत नाहीत, पण एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी त्यांनाही हवंच. स्वतःचं डोमेन घेतलं आणि यातलं काहीच लावलं नाही, तर मेल स्पॅममध्ये पडणं किंवा सरळ नाकारलं जाणं साहजिक आहे.

मराठी वाचकांना भेडसावू शकणारी एक खास अडचणही आहे. २०१४ मध्ये '.भारत' हे देवनागरी डोमेन सुरू झालं आणि देवनागरीतले ईमेल पत्तेही शक्य झाले. मात्र वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ८ नावाची २०१२ मधली सुधारणा येत असावी लागते. एकालाही येत नसेल तर मेल परत फिरतो. त्याचा कोड ५.६.७. देवनागरी पत्ता वापरणाऱ्याने सोबत एक इंग्रजी अक्षरांतला पत्ताही ठेवावा, हे सध्या तरी टाळता येत नाही.

वाद झाला तर कायदा काय म्हणतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम १३ याच प्रश्नावर आहे. पाठवणारा आणि घेणारा यांच्यात वेगळं ठरलेलं नसेल, तर मेल पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरच्या संगणक यंत्रणेत शिरतो तेव्हा तो 'पाठवला' असं मानलं जातं. 'मिळाला' कधी, याचं उत्तर वेगळं आहे. घेणाऱ्याने अमुक पत्त्यावर पाठवा असं सांगितलं असेल, तर त्या यंत्रणेत मेल शिरला की तो मिळाला. तो उघडून वाचला की नाही, याने फरक पडत नाही. मात्र सांगितलेला पत्ता सोडून त्याच्या दुसऱ्याच पत्त्यावर पाठवला, तर त्याने तो प्रत्यक्ष काढून घेतला तेव्हाच मिळाला असं धरलं जातं.

आता रांगेत अडकलेल्या मेलचा विचार करा. आपल्याच कार्यालयाच्या सेंड कनेक्टरपाशी तो पडून राहिला, तर पडद्यावर 'सेंट' दिसत असूनही तो आपल्या नियंत्रणाबाहेर गेलेला नसतो. समोरच्याच्या सर्व्हरने २५० दिल्यानंतर तो अडकला, तर बाजू बरीच पलटते. म्हणून वादात 'सेंट' फोल्डरच्या स्क्रीनशॉटपेक्षा सर्व्हरच्या लॉगमधली ती एक ओळ जास्त वजनदार ठरते: तारीख, वेळ, समोरच्या सर्व्हरचं नाव, २५० आणि त्याने दिलेला रांग-क्रमांक.

आयटी विभागाकडे ती मागताना पाठवल्याची वेळ, दोन्ही पत्ते आणि मेसेज-आयडी द्यावा. जीमेलमध्ये मेल उघडून 'शो ओरिजिनल' केलं की हा आयडी वरच मिळतो. उशीर मात्र करू नये. एक्सचेंज सर्व्हरवर हे लॉग मूळ सेटिंगनुसार ३० दिवस राहतात आणि मायक्रोसॉफ्ट ३६५वर ९० दिवस.